यजमानीण तयार नसते तेव्हा : घरगुती विक्री-बैठकींच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पात्र

संस्कृत व्याकरणाच्या अध्यापनात 'यजति' आणि 'यजते' या दोन रूपांतील भेद आवर्जून सांगितला जातो. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, म्हणून त्याच्या बाबतीत परस्मैपदी 'यजति'. ज्याच्या पदरात यज्ञाचे फळ पडायचे त्याच्या बाबतीत आत्मनेपदी 'यजते'. या दुसऱ्या रूपातून 'यजमान' हा शब्द सिद्ध होतो. मराठीत तो पाहुण्यांचे आतिथ्य करणाऱ्यासाठी रुळला, जुन्या वळणाच्या घरांत पतीचा निर्देश करण्यासाठीही वापरला गेला. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. एखादे कार्य कोणाच्या घरात होते, कोणाच्या खर्चाने होते, आणि त्याचे फळ नेमके कोणाला मिळते?

हा प्रश्न मी येथे एका वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाच्या संदर्भात विचारणार आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत 'होम पार्टी' नावाची एक विक्रीपद्धती फोफावली आणि पुढे जगभर पसरली. एखाद्या गृहिणीने शेजारणींना आणि मैत्रिणींना घरी बोलवायचे, कंपनीच्या विक्रेतीने तेथे येऊन वस्तूंचे प्रात्यक्षिक करायचे, चहा-कॉफी व्हायची, थोडे खेळ व्हायचे आणि मग मागण्या नोंदवल्या जायच्या. या पद्धतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी शोधकाकडे, विक्रेतीकडे, कंपनीकडे आणि ग्राहकाकडे पुरेसे लक्ष दिले आहे. जिच्या घरात हे सारे घडते ती यजमानीण मात्र या इतिहासात बहुधा पार्श्वभूमीला राहते. ती पुढे येते तेव्हा एका तक्रारीचा विषय म्हणून येते : ती तयार नसते. निमंत्रणे गेलेली नसतात, खुर्च्या मांडलेल्या नसतात, पाहुण्यांना आपण कशासाठी आलो हे ठाऊक नसते. थेट विक्रीच्या क्षेत्रातील प्रशिक्षणाचा मोठा भाग या 'अप्रस्तुत' यजमानिणीला हाताळण्यातच खर्च होतो. ही तक्रार एक दस्तऐवज म्हणून वाचली तर काय दिसते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

बंद दार आणि निमंत्रण

घरगुती बैठकीचा जन्म समजून घ्यायचा तर आधी दारावरच्या विक्रेत्याकडे पाहिले पाहिजे. १९०६ साली स्थापन झालेल्या फुलर ब्रश या कंपनीने ब्रश विकणाऱ्या फिरत्या माणसाला अमेरिकन जीवनातील एक ओळखीचे पात्र करून टाकले होते. हातात नमुन्यांची पेटी, तोंडात तयार वाक्ये, आणि दार उघडताच आत शिरण्याची घाई. या पात्राविषयी विनोद जितके झाले तितकाच त्याचा जाचही होता. वायोमिंग राज्यातील ग्रीन रिव्हर या लहानशा गावाने १९३१ साली एक स्थानिक कायदाच केला : घरमालकाने बोलावल्याखेरीज विक्रेत्याने खासगी घराच्या दारी येऊ नये. हे लोण इतर अनेक गावांत पसरले आणि अशा कायद्यांना 'ग्रीन रिव्हर ऑर्डिनन्स' हेच नाव पडले. लुइझियाना राज्यातील अलेक्झांड्रिया शहराच्या अशाच एका कायद्याला आव्हान दिले गेले, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली 'ब्रिअर्ड विरुद्ध अलेक्झांड्रिया' या खटल्यात तो वैध ठरवला.

या कायद्यांतील कळीचा शब्द 'बोलावल्याखेरीज' हा आहे. विक्रेत्याला निमंत्रण असेल तर तो उपद्रव ठरत नाही, पाहुणा ठरतो. फुलर ब्रशमध्ये वरिष्ठ पदावर काम केलेल्या फ्रँक स्टॅन्ली बेव्हरिज यांनी १९३१ सालीच मॅसॅच्युसेट्समधील वेस्टफील्ड येथे स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. महामंदीच्या त्या काळात तिच्या विक्रेत्यांच्या ध्यानात आले, की दहा घरांची दारे ठोठावण्यापेक्षा एका घरात दहा बायका जमवणे अधिक फलदायी असते. प्रात्यक्षिक एकदाच करावे लागते, एकीने घेतले की दुसरीला धीर येतो आणि मुख्य म्हणजे दार आतून उघडले जाते.

म्हणजे या पद्धतीत यजमानिणीचे पहिले कार्य आतिथ्याचे नव्हतेच. ती विक्रेत्याच्या प्रवेशाची अधिकृतता होती. तिच्या एका होकाराने विक्रेत्याचे सामाजिक स्थान बदलत होते. आर्थर मिलर यांचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' हे नाटक १९४९ साली रंगभूमीवर आले. लोकांनी आपल्याला आवडून घेतले पाहिजे या एकाच श्रद्धेवर जगणारा आणि मोडून पडणारा विली लोमन आपल्या वाचकांना परिचित आहे. नाटकाचा नायक रस्त्यावर एकाकी होत होता त्याच वर्षांत विक्रीची ही दुसरी पद्धत 'आवडण्या'चा सारा भार विक्रेत्याच्या खांद्यावरून काढून यजमानिणीच्या खांद्यावर ठेवत होती. विक्रेती आवडली नाही तरी चालेल. यजमानीण तर आपलीच आहे!

झाकण लावण्याची विद्या

टपरवेअरची कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. न्यू हॅम्पशायरमध्ये १९०७ साली जन्मलेल्या अर्ल टपर यांनी पॉलिएथिलीनपासून टिकाऊ, वजनाला हलकी भांडी बनवली आणि रंगाच्या डब्याच्या झाकणाची रचना उलटी करून त्यांना हवाबंद झाकण बसवले. चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ही भांडी दुकानांत आली. नियतकालिकांनी त्यांच्या घाटाचे कौतुक केले, पुढे १९५६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ती आपल्या संग्रहात घेतली. पण दुकानांत ती खपेनात. कारण साधे होते. झाकण दाबून, कड किंचित उचलून आतली हवा बाहेर सोडायची आणि मग ते बंद करायचे, ही कृती कोणी करून दाखवल्याखेरीज कळत नव्हती. दुकानातल्या मांडणीवर ठेवलेली वस्तू मुकी होती.

तिला वाचा देणारे लोक स्टॅन्लीच्या बैठकी घेणाऱ्यांतूनच आले. त्यांत ब्राउनी वाइज ही स्त्री होती. १९१३ साली जॉर्जियात जन्मलेली, घटस्फोटित, एका मुलाची आई. डेट्रॉइटमधील एका वृत्तपत्राच्या वाचकांच्या सदरात टोपणनावाने काल्पनिक सुखी संसाराची वर्णने लिहिणारी. साहित्याच्या अभ्यासकांना हा तपशील विशेष वाटावा. जिने पुढे हजारो बायकांना आदर्श घराचे स्वप्न विकले, तिने ते आधी लेखनातून रचले होते. फ्लोरिडात तिने चालवलेल्या बैठकींतून भांड्यांचा खप इतका वाढला, की टपर यांनी १९५१ साली तिला नव्या होम पार्टी विभागाची उपाध्यक्ष केले आणि दुकानांतील विक्री बंद करून सारा माल केवळ बैठकींतून विकायचे ठरवले. किसिमी येथे मुख्यालय उभे राहिले. १९५४ साली 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर वाइज झळकली. त्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आलेली ती पहिली स्त्री. भरलेले, झाकण लावलेले भांडे खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फेकून एक थेंबही सांडत नाही हे दाखवणे, हा तिच्या प्रात्यक्षिकाचा परमोच्च क्षण असे.

अलिखित करार

बैठकीची अर्थव्यवस्था तीन पायांवर उभी होती. विक्रेतीला विक्रीवर दलाली मिळे. पाहुण्यांना वस्तू, करमणूक आणि एखादी छोटी भेट मिळे. यजमानिणीला 'होस्टेस गिफ्ट' मिळे, म्हणजे त्या संध्याकाळच्या विक्रीच्या आणि तेथून ठरलेल्या पुढच्या बैठकींच्या प्रमाणात मिळणारी वस्तुरूप भेट. या व्यवहारात पैसा येत नसे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पैसा आला असता तर यजमानीण नोकर झाली असती आणि तिच्या मैत्रिणी ग्राहक. वस्तू आली म्हणून ती भेट ठरली.

'पुढच्या बैठकी' हा या यंत्राचा खरा दट्ट्या होता. विक्रेतीला स्वतःच्या ओळखी लवकरच पुरेनाशा होतात. आजच्या बैठकीतील दोघी-तिघींनी आपापल्या घरी बैठक ठेवण्याचे कबूल केले तरच पुढच्या पंधरवड्याचे काम उभे राहते. म्हणून एक फसलेली संध्याकाळ म्हणजे केवळ त्या संध्याकाळचे नुकसान नसते. साखळीतील दुवा निखळतो. विक्रेतीने नमुन्यांचा संच स्वतःच्या पैशाने घेतलेला असतो, मुलांना सांभाळायला कोणाला तरी ठेवलेले असते, पेट्रोल जाळलेले असते. अप्रस्तुत यजमानिणीविषयीच्या तक्रारीतील कळकळ या हिशेबातून येते. ती चैनीची तक्रार नव्हती. दुसरे कोणते पगारी काम सहजी न मिळणाऱ्या, बहुधा औपचारिक शिक्षण अर्धवट राहिलेल्या बायकांची ती तक्रार होती, हे विसरून या विषयाकडे पाहणे अन्यायाचे होईल.

अप्रस्तुततेचे प्रकार

थेट विक्रीच्या परंपरेत 'होस्टेस कोचिंग' म्हणजे यजमानिणीचे प्रशिक्षण ही एक स्वतंत्र विद्या बनली. तिच्या चौकटीतून अप्रस्तुततेचे चार प्रकार वेगळे काढता येतात.

पहिला प्रकार निमंत्रणाचा. यजमानिणीने 'सगळ्यांना सांगितले आहे' असे म्हणावे आणि प्रत्यक्षात जिन्यात भेटलेल्या दोघींना ओझरते सांगितलेले असावे. यावरचा उपाय असा, की विक्रेतीने बैठक ठरते त्याच क्षणी यजमानिणीबरोबर बसून नावांची यादी करायची. ती शेजारणींवर न थांबवता नातलग, मुलांच्या शाळेतील आया, प्रार्थनागृहातील मैत्रिणी अशी वर्तुळे मोजत वाढवायची. येणाऱ्यांची संख्या नेहमी घटते हे धरून आसनांपेक्षा अधिक निमंत्रणे द्यायची. आणि आदल्या दिवशी आठवणीचा फोन झाला की नाही हे पाहायचे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांच्याकडून आधीच मागणी घ्यायची, म्हणजे खोली रिकामी राहिली तरी वही रिकामी राहत नाही.

दुसरा प्रकार जागेचा. टेबल नाही, उजेड नाही, दूरचित्रवाणी चालू आहे, मुले नमुन्यांत हात घालत आहेत. अनुभवी विक्रेती यावर यजमानिणीला बोल लावत नाही. ती अर्धा-पाऊण तास आधी पोहोचते, स्वतःचे टेबलक्लॉथ, पेने आणि मागणीपत्रके घेऊन येते, आणि यजमानिणीच्या हाती एखादे सोपे काम देऊन तिची धांदल कमी करते. मुलांच्या हाती एखादे रिकामे भांडे दिले की प्रात्यक्षिकाला दोन मदतनीस मिळतात.

तिसरा प्रकार उलट्या टोकाचा, आणि म्हणून मनोरंजक. यजमानीण इतकी तयार असते की ते अडचणीचे ठरते. तिने चार पदार्थ रांधलेले असतात, ठेवणीतली भांडी काढलेली असतात आणि संध्याकाळभर ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. अशा घरी पाहुण्या तृप्त होतात, पण त्यांतील एकही आपल्या घरी बैठक ठेवायला तयार होत नाही. एवढा बेत आपल्याला झेपायचा नाही असे प्रत्येकीला वाटते. म्हणूनच खाणे अगदी साधे असावे, हा सल्ला या क्षेत्रात पुनःपुन्हा दिला जातो. आतिथ्याची प्रतिष्ठा आणि विक्रीचे प्रयोजन यांतील विसंगती या एका सूचनेत जितकी उघड दिसते तितकी क्वचितच कुठे दिसेल. गृहिणीचा शतकानुशतकांचा अभिमान येथे व्यवसायाच्या आड येतो.

चौथा प्रकार सर्वांत गंभीर. यजमानिणीने पाहुण्यांना विक्रीविषयी काही सांगितलेलेच नसते. 'सहज या, चहा घेऊ' म्हणून बोलावलेल्या बायका नमुन्यांची मांडणी पाहून अवघडतात. पर्स घरी ठेवून आलेल्या असतात. काहींना फसवल्यासारखे वाटते. येथे टेबलक्लॉथ उपयोगी पडत नाही. शहाणी विक्रेती आरंभीच उद्देश स्पष्ट करते, विकत घेण्याचे बंधन नाही असे म्हणते आणि त्या संध्याकाळची विक्री सोडून देण्याची तयारी ठेवते. दोनच पाहुण्या आल्या असतील तरी वीस जणींपुढे करावे तसे प्रात्यक्षिक करते; किंवा सरळ दुसरी तारीख ठरवते. यजमानिणीला पाहुण्यांदेखत ओशाळवाणे होऊ न देणे हा या विद्येतील पहिला नियम आहे, कारण तिची अब्रू हेच या धंद्याचे भांडवल आहे.

आपल्याकडील वाचकाला यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल. सत्यनारायणाच्या पूजेसाठी गुरुजी साहित्याची यादी आठवडाभर आधी देतात. तरी ऐन वेळी सुपारी सापडत नाही, चौरंग शेजाऱ्यांकडे गेलेला असतो, प्रसादाचा शिरा अजून गॅसवर असतो. मुरलेले गुरुजी पिशवीत जादा जानवे, कापूर आणि सुटे पैसे बाळगतात, आणि यजमानाची फजिती न करता 'अक्षतां समर्पयामि' म्हणत पुढे जातात. विधी यजमानाच्या नावाने होतो, पण विधीचे ज्ञान पुरोहिताकडे असते. या विषमतेतून दोघांचे नाते आकाराला येते. होम पार्टीतील विक्रेती आणि यजमानीण यांचे नाते रचनेने असेच आहे. फरक फळाचा आहे. पूजेत पुरोहिताला दक्षिणा मिळते आणि फळ यजमानाचे असते. बैठकीत यजमानिणीला दक्षिणा मिळते, फळ दुसरीकडे जाते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर येथे 'यजते'चे 'यजति' होते.

संकोचाचे वाचन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतक्या सूचना, याद्या, फोन आणि भेटींनंतरही यजमानीण पुनःपुन्हा अप्रस्तुत का राहते? प्रशिक्षकांचे उत्तर असे, की तिला नीट शिकवले गेले नाही. मला हे उत्तर अपुरे वाटते. निमंत्रण देण्यातला तिचा विसराळूपणा सरसकट विसराळूपणा नसतो. घरातील लग्नकार्याची निमंत्रणे ती विसरत नाही. फोनवर 'विक्री' हा शब्द तिच्या तोंडून निघत नाही, याला कारण आहे. मैत्रिणीला बोलावताना आपण तिला नेमके कशाला बोलावतो आहोत, हे तिला पुरते कळलेले असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी विसाव्या शतकाच्या विशीत देणगीवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे ही तीन बंधने सांगितली. चहा घेतलेला पाहुणा ऋणी होतो. एरवी हे ऋण पुढच्या चहाने, आजारपणात केलेल्या मदतीने, वर्षानुवर्षांत सावकाश फिटते. आणि ते पूर्णतः फिटत नाही म्हणूनच मैत्री टिकते. होम पार्टी हे सावकाश फिटणारे ऋण एका संध्याकाळी, मागणीपत्रकावर, रोखीने वसूल करते. सामाजिक मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियालडिनी यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'इन्फ्लुअन्स' या पुस्तकात टपरवेअर बैठकीचे विश्लेषण केले, त्याचा रोख हाच आहे : खरी विनंती विक्रेतीची नसते, ती यजमानिणीची असते. फ्रेंझन आणि डेव्हिस या अभ्यासकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही अशा बैठकींतील खरेदीवर यजमानिणीशी असलेल्या नात्याचा मोठा प्रभाव दिसून आला.

हे सारे शास्त्रीय भाषेत सांगता न येणाऱ्या यजमानिणीलाही ते जाणवत होते. तिची अप्रस्तुतता ही त्या जाणिवेची भाषा होती. ती 'नाही' म्हणू शकत नव्हती, कारण तिलाही कोणा मैत्रिणीच्या बैठकीतच होकार द्यावा लागला होता. मग तिने तारीख विसरायची, यादी अर्धवट ठेवायची, पाहुण्यांना उद्देश सांगायचा नाही आणि संध्याकाळभर स्वयंपाकघरात राहायचे. प्रत्येक अप्रस्तुत यजमानीण अशी नकार देत होती असे म्हणणे अतिरेकाचे होईल. काही जणी खरोखरच थकलेल्या होत्या, काहींचे मूल आजारी होते. पण उघड नकाराची सोय नसलेल्या व्यवस्थेत ढिलाई हाच नकाराचा उपलब्ध प्रकार असतो, हे साहित्याच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आपल्या कथा-कादंबऱ्यांतील सुना आणि नोकर तो कितीदा तरी वापरतात.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अॅलिसन क्लार्क यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या टपरवेअरच्या सांस्कृतिक इतिहासात या बैठकींना निव्वळ शोषण मानायला नकार दिला आहे. नव्या उपनगरांत एकट्या पडलेल्या बायकांना त्या एकत्र आणत होत्या. बैठकीतील खेळांत नवऱ्याला विकायला काढल्याची गमतीदार जाहिरात लिहिण्याचाही एक खेळ असे. नवरे नसलेल्या खोलीत नवऱ्यांवर हसण्याची ही मुभा लहान नव्हे. यजमानिणीला भांडे मिळाले, त्याबरोबर एक संध्याकाळही मिळाली. तिचा संकोच आणि तिचा आनंद एकाच वेळी खरे होते.

यादीबाहेरच्या

यजमानिणीच्या यादीला आणखी एक अर्थ होता. १९४७ पासून उभारल्या गेलेल्या लेव्हिटाउनसारख्या वसाहतींच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना मज्जाव करणारी कलमे होती. अशा वसाहतीतील यजमानीण आपल्या ओळखीच्यांना बोलवत गेली, की बैठकीची साखळी आपोआप एकाच रंगाची राही. कंपनीला वेगळा नियम करावा लागत नव्हता. जी विक्रीपद्धती नात्यांच्या वाटेने जाते ती नात्यांच्या भिंतींपाशीच थांबते.

आपल्याकडील हळदीकुंकू या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी होणाऱ्या या समारंभात यजमानीण वाण लुटते. गेल्या काही दशकांत त्या वाणात प्लॅस्टिकच्या डब्याने मानाचे स्थान मिळवले आहे. टपरवेअर १९९६ साली भारतात आले तेव्हा बायकांनी बायकांच्या घरी जमण्याची, वस्तू हाती घेऊन घरी परतण्याची सवय येथे आधीच होती. एका समारंभात डबा फुकट मिळतो आणि दुसऱ्यात विकत घ्यावा लागतो, हा भेद मोठा आहे. परंतु साम्यही नाकारता येत नाही. हळदीकुंकवाच्या यादीतून विधवा परंपरेने वगळल्या गेल्या, आणि ही वगळणूक कोणी रोज नव्याने ठरवत नव्हते. 'कोणाला बोलवायचे' या साध्या प्रश्नाच्या साध्या उत्तरातच ती दडलेली होती. यजमानिणीची यादी कधीच निरागस नसते.

फळ कोणाचे?

ब्राउनी वाइजचा शेवट या लेखाच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. किसिमीला दरवर्षी विक्रेतींचे भव्य मेळावे भरवणारी, बक्षिसे वाटणारी, प्रत्येकीला नावाने हाक मारणारी ही स्त्री एका अर्थी कंपनीचीच यजमानीण होती. १९५८ च्या जानेवारीत टपर यांनी तिला काढून टाकले. तिच्याजवळ कंपनीचे समभाग नव्हते. वाद कोर्टापर्यंत गेला आणि सुमारे ३० हजार डॉलरवर, म्हणजे एका वर्षाच्या वेतनावर मिटला. त्याच वर्षी टपर यांनी कंपनी रेक्सॉल या औषधकंपनीला १ कोटी ६० लाख डॉलरना विकली. वाइजचे नाव कंपनीच्या इतिहासातून पुसले गेले आणि १९९२ साली तिचे निधन झाले. तिची सार्वजनिक स्मृती पुन्हा जागी झाली ती मुख्यतः त्यानंतरच्या ग्रंथांमुळे आणि २००४ साली आलेल्या एका माहितीपटामुळे. जिने हजारो घरांत यज्ञ मांडला, तिलाही दक्षिणाच मिळाली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. १९७२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घरी झालेली खरेदी तीन कामकाजी दिवसांत रद्द करण्याची मुभा देणारा नियम केला. बैठकीच्या उबेत दिलेला होकार दुसऱ्या दिवशी वेगळा वाटू शकतो, याची ती कायदेशीर कबुली होती. २००१ मध्ये टपरवेअरने टार्गेट या साखळी दुकानांत माल ठेवून पाहिला. पण जे दुकानात मिळते त्यासाठी बैठक कोण ठेवणार? बैठकींची संख्या घटली आणि २००३ मध्ये तो प्रयोग गुंडाळावा लागला. २०२२ मध्ये कंपनी पुन्हा त्याच दुकानांकडे वळली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. भारतात २०२१ च्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी विक्रेत्याने ओळखपत्राविना आणि पूर्वपरवानगीविना ग्राहकाच्या जागी जाऊ नये असे घालून दिले. नव्वद वर्षांनी ग्रीन रिव्हरचे दार येथेही बंद झाले, आणि निमंत्रणाची किंमत पुन्हा वाढली.

ती किंमत देणारी यजमानीण आजही आहे. बैठकीची जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाने घेतली, तरी कोणीतरी आपली नाती उघडी करून देते आणि कोणीतरी त्या वाटेने आत येते. गटात 'सहज' म्हणून सामील करून घेतलेल्या मैत्रिणी आणि काही दिवसांनी तेथे येणारी वस्तूंची छायाचित्रे, हा आपल्या चौथ्या प्रकाराचाच नवा अवतार आहे. त्यावरचा उपायही जुनाच आहे आणि तो मुरलेल्या विक्रेतींना फार पूर्वी उमगला होता : बोलावताना कशासाठी बोलावतो ते सांगावे. यादी, खुर्च्या, फोन यांची तयारी विक्रेती करून देऊ शकते. एवढे एक वाक्य उच्चारण्याची तयारी मात्र यजमानिणीचीच असावी लागते. ते वाक्य तिच्या तोंडून निघत नसेल, तर तिला आणखी प्रशिक्षण देण्याआधी थांबून पाहावे. बहुधा तिला तयारी कशी करायची हे माहीत असते. ती कोणासाठी करायची, हे तिला पटलेले नसते.